किळ्ळेक्यात

चामड्याच्या बाहुल्यांच्या कन्नड छायाखेळातील (तोगलू गोंबेयाट) विदूषक. हा खेळ करणारी भटकी जमातही त्याच्याच नावाने ओळखली जाते. बेळगाव-विजापूरकडे तिला कटबू किंवा शिळ्ळेक्यात म्हणतात. खेळाच्या जोडीला मासेमारी हा तिचा जुना व्यवसाय.

जमातीच्या मुळाविषयी एकमत नाही. तिची घरातली बोली मराठीच्या वळणाची, खेळ मात्र कन्नडमध्ये. शहाजीराजे १६३८ च्या सुमारास बंगळूरला गेल्यावर मराठी फौजांमागोमाग हे लोक दक्षिणेत उतरले, असे एक मत आहे. परंतु तेराव्या शतकातल्या पाल्कुरिकी सोमनाथाच्या तेलुगू काव्यात चर्मबाहुल्यांचा उल्लेख येतो. म्हणजे ही कला तिकडे आधीच होती. दुसरीकडे आंध्र आणि तमिळनाडूतल्या छायाखेळवाल्यांची घरची बोलीही मराठीचीच. एका स्वारीत एवढा पसारा होणे अवघड दिसते. स्थलांतर टप्प्याटप्प्याने झाले आणि आलेल्यांनी तिथलीच कला उचलली, हे मत अधिक पटते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांकडेही चर्मबाहुल्या आहेत, पण तेवढ्यावरून थेट नाते जोडता येत नाही.

बाहुल्या बहुधा शेळीच्या कातड्याच्या. कातडे केस काढून, खरवडून इतके पातळ करतात की दिव्याचा उजेड आरपार जातो. मग आकार कापून रंगवतात आणि दागिन्यांच्या जागी भोके पाडतात. पात्राचा मान मोठा तशी बाहुली मोठी. एकाच कातड्यावर कोरलेल्या दरबाराच्या किंवा युद्धाच्या पटात हालचाल जवळजवळ नसते. चपळाई दिसते ती सुट्या अवयवांच्या विदूषकात. पडद्यावरची चित्रे हलवून हसवण्याची ही कारागिरी चेतनपटाच्या (ॲनिमेशनच्या) कितीतरी आधीची आहे.

गणपती आणि सरस्वती येऊन गेल्यावर किळ्ळेक्यात येतो, सोबत बायको बंगारक्का. काळा, बेढब, तोंडाने फटकळ. कथा रामायण-महाभारताची, तरी तो मधेच घुसून नवरा-बायकोच्या भांडणावर, गावातल्या बड्यांवर, चालू काळावर बोलतो. राम-रावणाच्या तोंडी जे शोभत नाही, ते त्याच्या तोंडी खपते. कोकणातल्या वाचकाला इथे दशावतारी नाटकातला विनोदी राक्षस संकासुर आठवेल.

पाऊस लांबला की गावकरी हा खेळ लावत.

कोप्पळ जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.