नळ्या साफ निघाल्या, तरी अटॅक कसा? मिनोकाची पार्श्वभूमी

मागच्या उन्हाळ्यात मावशीच्या छातीत दुखायला लागलं म्हणून नागपूरला धंतोलीत ॲडमिट केलं, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं, लगेच अँजिओ (डाय सोडून हृदयाच्या रक्तनळ्यांचा एक्स-रे) झाली आणि सांगितलं की नळ्या साफ आहेत. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, गॅस असेल म्हणून दोन दिवसांनी सुट्टीपण झाली. पण मग ट्रोपोनिन कशाने वाढलं? हा प्रश्न डोक्यातून जाईना. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी हार्टचा एमआरआय करायला लावला तेव्हा कळलं, स्नायूला इजा झालीच होती.

अटॅक आहे पण नळ्यांत मोठं ब्लॉकेज नाही, याला आता मिनोका म्हणतात. तेव्हापासून वाचतोय, तर हे कोडं खूप जुनं आहे. 1912 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी हृदयाच्या नळीत गुठळी झाल्यावर काय होतं ते मांडलं, आणि अटॅक म्हणजे नळी बंद हे हळूहळू पक्कं होत गेलं. पण 1939 मध्येच ग्रॉस आणि स्टर्नबर्ग यांनी नळ्यांमध्ये फारसं काही नसताना झालेल्या इन्फार्क्शनबद्दल (हृदयाच्या स्नायूचा भाग मरणं, म्हणजेच अटॅक) लिहून ठेवलं होतं. 1958 मध्ये क्लीव्हलँडला डॉक्टर मेसन सोन्सकडून चुकून डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) थेट उजव्या नळीत गेला, पेशंट वाचला आणि जिवंत माणसाच्या नळ्या नीट दिसायला लागल्या. पुढच्याच वर्षी डॉक्टर प्रिंझमेटलनी बसल्या जागी येणाऱ्या अंजायनाचं (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) वर्णन केलं, नळी थोड्या वेळापुरती आवळली जाते असं त्यांचं म्हणणं, आज आपण त्याला स्पॅझम म्हणतो.

मग 1980 मध्ये डीवूड यांचा अभ्यास आला. अटॅकनंतर 4 तासांच्या आत अँजिओ केलेल्यांपैकी 87% लोकांची नळी पूर्ण बंद! यातून गुठळी विरघळवायच्या उपचाराला बळ मिळालं, असंख्य जीव वाचले, ते मोठंच काम आहे. पण माझ्या मते इथेच उरलेले लोक नजरेआड झाले, ब्लॉकेज नाही म्हणजे अटॅक नाही असं उलटं गणित लोकांच्या डोक्यात बसलं.

खरं म्हणजे अँजिओत फक्त मोठ्या नळ्या दिसतात, केसासारख्या बारीक दिसतच नाहीत. प्लाक (नळीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर) फुटून गुठळी झाली आणि अँजिओच्या आधीच विरघळली, तरी फोटो साफ येतो.

2013 मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन बेल्ट्रेम यांनी याला मिनोका असं नाव सुचवलं, म्हणजे अटॅक आहे पण कुठल्याच नळीत 50% किंवा जास्त ब्लॉकेज नाही. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात अटॅकच्या पेशंटमध्ये याचं प्रमाण साधारण 6% निघालं, आणि नेहमीच्या अटॅकपेक्षा यात बायकांचा वाटा जास्त. आमच्याकडे बाईच्या छातीत दुखलं की आधी ॲसिडिटी, नाहीतर टेन्शन, त्यामुळे हे वाचून मला फार वाईट वाटलं.

2019 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननी स्पष्ट सांगितलं की मिनोका म्हटल्यावर तिथेच थांबायचं नाही, कारण शोधायचं. मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूला सूज) आणि ताकोत्सुबो (बहुतेकदा जबर ताणानंतर हृदय तात्पुरतं कमजोर होणं) वेगळे काढायचे, एमआरआय करायचा. कारणावर औषध ठरतं ना! स्पॅझम असेल तर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर (नळ्या सैल करणारं औषध), प्लाक फुटला असेल तर ॲस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध). मावशीच्या गोळ्या एमआरआयचा रिपोर्ट आल्यावरच सुरू झाल्या, मधले तीन आठवडे ती गॅसचीच गोळी घेत होती.