तिसऱ्या आठवड्यात कामं लिहायची वही का बदलावीशी वाटते?

‘२१ दिवस करा, सवय लागेल’ हा आकडा कुठल्याही प्रयोगातून आलेला नाही. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं, की नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवसांच्या आसपास लागतात. पुढे त्यातला ‘किमान’ गळला, चेहराही गळला. डायऱ्या आणि ॲप विकणाऱ्यांच्या हाती नुसता आकडा उरला.

प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. ९६ जणांनी रोजच्या एका ठरावीक खुणेला (‘न्याहारी झाली की’ अशा प्रसंगाला) एक नवी कृती जोडली आणि ती किती आपसूक होते याची नोंद ८४ दिवस ठेवली. सवय जवळजवळ पक्की व्हायला लागलेल्या काळाचा मध्यक ६६ दिवस निघाला, म्हणजे निम्म्यांना याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त. कुणाला १८ पुरले, कुणाचा ८४ दिवसांच्या नोंदींवरून पुढे काढलेला अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

सगळी मेख सवय कशी पक्की होत जाते, त्या आलेखाच्या आकारात आहे. तो सरळ चढत नाही. पक्क्या सवयीपर्यंत उरलेल्या अंतराचा ठरावीक हिस्सा रोज कापला जातो. ६६व्या दिवशी ९५ टक्के गाठायचे आणि सुरुवात शून्यापासून धरली, तर हा हिस्सा रोज ४.४ टक्के येतो (०.९५६चा ६६वा घात साधारण ०.०५). म्हणजे पहिल्या दिवसाची कमाई शंभरपैकी ४.४ अंक, २१व्या दिवसाची १.८, साठाव्या दिवसाची ०.३. तीन आठवड्यांनी आपण ६१ टक्क्यांवर असतो. वही उघडायला अजून जोर लावावा लागतो, पण रोजची कमाई निम्म्याहून खाली आलेली असते. माझ्या मते नवं ॲप खुणावतं ते नेमकं इथे. ते घेतलं की खूण बदलते आणि चढण पहिल्यापासून.

पाडव्याला नवी वही काढली की हुरूप येतो, हे खरं. पण तो नव्या सुरुवातीचा हुरूप आहे. सोमवारीही येतो, एक तारखेलाही येतो. मुहूर्ताचा त्यात काही हात नाही.

तेव्हा आधी बिघाड शोधा. १४ दिवस, राहून गेलेल्या प्रत्येक कामापुढे एक अक्षर घाला. ‘लि’ म्हणजे लिहिलंच नव्हतं, ‘दि’ म्हणजे लिहिलं पण वेळेवर दिसलं नाही, ‘के’ म्हणजे दिसलं पण केलं नाही. ‘लि’ जास्त असतील तर वही घरी आणि माणूस बागेत असतो; खिशात मावेल अशी वही घ्या. ‘के’ जास्त असतील तर नोंदी मोघम आहेत; ‘कौलं’ असं लिहू नका, ‘पडवीची फुटकी कौलं मोजणे’ लिहा.

‘दि’ असेल तर खूण बदला, आणि शक्यतो घड्याळ सोडून घटना पकडा. खाडीत ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा लागते. गाळातल्या तिसऱ्या (शिंपल्या) काढणारीला सकाळी सातचा गजर काय कामाचा? ‘गाळ उघडा पडला की निघायचं’ हीच तिची खूण. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेली ‘जर–तर’ योजना याच घडणीची आहे: अमुक घडलं, की तमुक करायचं.

कधी कधी खूणच नाहीशी होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणजे बंदरावरच्या लिलावाला बांधलेली हिशेबाची सवय लटकते. आंब्याच्या पेट्या भरणं संपलं की बागायतदाराचंही तेच. कोकण रेल्वे त्याच रुळांवर पावसाळ्यापुरतं वेगळं वेळापत्रक लावते. तसंच वही तीच ठेवून खूण नवी लावा, ‘रात्रीची जेवणं आटोपली की’ वगैरे.

एवढं करूनही पद्धत बदलायचीच असेल तर एकाच दिवशी बदला. दोन वह्या एकदम चालवल्या की काम कुठे लिहिलंय ते दोन्हीकडे शोधावं लागतं आणि दोन्हींवरचा भरवसा जातो. पुढच्या ३० दिवसांची कामं हाताने उतरवा, बाकीची जुन्या वहीत राहू द्या, तिच्यावर बंद केल्याची तारीख टाका. जूनमध्ये बदल केला असेल, तर नारळी पौर्णिमेला ती एकदा चाळा आणि तोवर ज्यांच्यावाचून अडलं नाही ती कामं खोडून टाका.