सांगलीच्या परसातून खुडूक कोंबडी कुठं गेली?

सांगलीच्या गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याच्या प्लॉटांवर उभ्या राहिलेल्या वस्त्यांत, श्यामरावनगरच्या आतल्या गल्ल्यांत, आजही घरामागं चार-पाच कोंबड्या माती उकरताना दिसतात. शहरात कोंबड्या पाळणं हे नवं फॅड आहे असं अनेकांना वाटतं. खरं तर त्या इथं पूर्वापार होत्या. मधल्या पन्नासेक वर्षांत शहरानं त्यांना बाहेर काढलं, आणि आता परत येतायत त्यातल्या बऱ्याच कोंबड्या खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. परसातल्या कोंबडीचा इतिहास माझ्या मते इथूनच सांगायला हवा.

कोयना-चांदोलीच्या रानात दिसतो तो राखी रानकोंबडा. आपली पाळीव कोंबडी मुख्यतः त्याच्या भाऊबंदाची, लाल रानकोंबड्याची वंशज. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास आग्नेय आशियात, भातशेतीच्या आधारानं ती माणसाजवळ आली, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. पिवळ्या पायांचा गुण मात्र राखी रानकोंबड्याकडून आल्याचं २००८ सालच्या जनुकीय अभ्यासातून पुढं आलं. म्हणजे दक्षिण भारतातल्या रानाचं थोडं देणं जगभरच्या खुराड्यांत पोचलं आहे.

रानातली कोंबडी मोजकी अंडी घालून त्यांच्यावर बसते. आपल्या गावठी कोंबडीनं हीच सवय टिकवली. दहा-पंधरा अंड्यांचा डाव झाला की ती खुडूक होते. पिसं फुलवते, खुराड्यातून हलत नाही, हात घातला की टोचते. मग डालग्यात, म्हणजे टोपलीत, भुसकट पसरून दहा-बारा अंडी मांडायची आणि तिला रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायचं. पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडते, त्या कातडीची ऊब थेट अंड्यांना मिळते. चोचीनं अंडी फिरवायचं काम तीच करते. दिवसातून एकदा तिला उठवून दाणापाणी दाखवायचं, एवढंच आपलं काम. आठवड्यानं रात्री एखादं अंडं दिव्यापुढं धरावं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरला, नाहीतर अंडं काढून टाकायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं कवच फोडतात. पुढं दोनेक महिने आईच त्यांना घारीपासून, मांजरापासून जपते.

या सगळ्यात विकत काही आणावं लागत नव्हतं. जिच्याकडं कोंबडी नाही तिला शेजारीण वाट्यानं द्यायची आणि पिल्लं निम्मी-निम्मी व्हायची. अंड्यांचा पैसा बाईच्या हातात राहायचा. कोंबडं कापायचं ते पाहुणे आल्यावर किंवा यात्रेला. वर्षाला पन्नास-साठ अंडी देणाऱ्या पक्ष्यावर हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला, कारण कोंबडी स्वतःची पुढची पिढी स्वतःच काढत होती.

अंड्यांच्या धंद्याला नेमकी हीच सवय परवडत नव्हती. खुडूक झालेली कोंबडी कित्येक आठवडे अंडी देत नाही. म्हणून निवड करत करत अशा जाती तयार झाल्या ज्या बसतच नाहीत. व्हाइट लेगहॉर्न त्यातली सर्वांत प्रसिद्ध. तिच्यापासून काढलेल्या संकरित कोंबड्या वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांची व्यंकटेश्वरा हॅचरीज ही पिल्लं उबवून विकणारी कंपनी सुरू झाली, १९८२ साली अंडी उत्पादकांची समन्वय समिती आली आणि अंड्याचा भाव रोज जाहीर होऊ लागला. खानापूर तालुक्यात, विट्याच्या आसपास, पाऊस कमी आणि शेती बेभरवशाची. तिथं पोल्ट्रीच्या शेडनी अनेक घरं सावरली, हे मान्यच करायला हवं. पण दुकानात अंडं बारमाही मिळू लागल्यावर शहरातल्या खुराड्याचं काम संपलं. परसात पार्किंग आलं, वाड्यांच्या जागी अपार्टमेंट आली. गुंठेवारीत जमिनीचा तुकडा घराला लागून राहिला, म्हणून तिथं कोंबडी राहिली.

मर लागायची ती वेगळीच. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आठवडाभरात गल्ली रिकामी करते. लस स्वस्त आहे, पण कुपी निदान शंभर पक्ष्यांची, आणि पातळ केली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या घरानं काय करायचं? गल्लीनं मिळून लसीकरण केलं तरच जमतं. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून परसातल्या कोंबडीकडं लोक संशयानंही बघू लागले.

दरम्यान सरकारी संस्थांनी परसासाठी म्हणून जाती काढल्या. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा आणि ग्रामप्रिया. रंग गावठीसारखे, वजन आणि अंडी जास्त. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढल्या, त्यात या जातींचाही हात असावा. पण त्या रवणीला सहसा बसत नाहीत. झाबुआचा कडकनाथही बसायला कच्चाच. त्याच्या नावावर इस्लामपूर भागात जी गुंतवणूक योजना चालली आणि २०१९ साली फसवणुकीच्या तक्रारींवर थांबली, तिच्यात जिल्ह्यातल्या साध्या माणसांचे कष्टाचे पैसे बुडाले, याचा राग अजून जात नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. पाणी चढताना माणसं आणि जनावरं आधी काढायची, कोंबड्यांचा नंबर शेवटचा. पूर्वी अशा वेळी कुणाकडं दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, वाचल्या तरी वर्षभरात गल्ली पुन्हा भरायची. आता हॅचरीची पिल्लं विकत आणावी लागतात, पहिले काही आठवडे बल्बखाली ठेवावी लागतात.

यावर जुन्या बायांचा उपाय साधा आहे आणि मला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ग्रामप्रियाच्या चार कोंबड्यांबरोबर एक अस्सल गावठी ठेवायची. कोंबडा असेल तर ग्रामप्रियाची फळलेली अंडी तिच्याखाली मांडायची. अंडी कुणाची ते ती बघत नाही, एकवीस दिवस बसते आणि पिल्लं घेऊनच उठते.