धूळ नेमकी कुठे अडवायची?

खाणीतल्या धुळीने फुप्फुसं निकामी होतात, हे ज्ञान काही आजचं नाही. गेऑर्ग अ‍ॅग्रिकोला या जर्मन वैद्याचा खाणकामावरचा ग्रंथ १५५६ साली, तो वारल्यानंतर, प्रसिद्ध झाला. कार्पेथियन पर्वतातल्या खाणींच्या भागात एकेका बाईने सात-सात नवरे याच दुखण्यात गमावल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. खाणीत हवा खेळवणारी यंत्रं आणि तोंडावर सैल पडदा, हे उपायही त्यात आहेत. पुढे १७०० साली रामात्सिनी या इटालियन वैद्याने रोग्याला त्याचा धंदाही विचारावा, असं बजावलं. १८७० मध्ये सिलिका या वाळू-दगडातल्या खनिजाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाला सिलिकोसिस हे नाव रूढ होऊ लागलं.

पण तोवर छिन्नी-हातोडीचंच राज्य होतं. खरा घात केला तो हवेच्या दाबावर चालणाऱ्या ड्रिलने. हाताने फोडलेल्या दगडाची कपची उडते, भुगा खाली बसतो. ड्रिल त्याच दगडाचं पीठ करतं. त्यातले काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. तिथल्या संरक्षक पेशी सिलिकाचा कण गिळतात आणि स्वतःच मरतात. मागे राहतो तो कडक व्रण. काम सोडलं तरी व्रण वाढतच राहतात, आणि गेलेलं फुप्फुस परत आणणारं औषध आजही नाही.

उपायही जवळपास यंत्राबरोबरच आला होता. कोलोराडोच्या जॉर्ज लेनरने १८९७ च्या सुमारास पोकळ दांड्याचं ड्रिल बनवलं. भोकातली भुकटी बाहेर काढायला तो आधी दांड्यातून हवा सोडत असे. धूळ इतकी उडे की खाणकामगारांनी ते हातात धरायलाच नकार दिला. मग त्याने हवेच्या जोडीला पाणी सोडलं आणि भुकटीचा चिखल होऊन बाहेर येऊ लागला. पुढच्या शंभर वर्षांत एवढी साधी गोष्ट किती ठिकाणी टाळली गेली, हे पाहिलं की संताप येतो.

दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत ड्रिल चालवणारे ऐन उमेदीत मरू लागले, तेव्हा १९०२ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. १९११ आणि १९१२ मध्ये भरपाईचे कायदे झाले, पण गोऱ्या आणि काळ्या कामगारांच्या भरपाईत जमीन-अस्मानाचा फरक होता.

अमेरिकेतल्या हॉक्स नेस्टची गोष्ट तर उघड अन्यायाची. वेस्ट व्हर्जिनियात १९३० मध्ये सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा खोदायला घेतला. खडकात सिलिका भरपूर होती, कामगार बहुतेक दक्षिणेकडून पोटासाठी आलेले कृष्णवर्णीय. वेळ वाचवायला कोरडंच ड्रिलिंग केलं जाई, अशा साक्षी पुढे झाल्या. १९३६ च्या संसदीय सुनावणीत ४७६ मृत्यूंचा आकडा आला. नंतरच्या संशोधनात तो ७६४ पर्यंत गेला.

अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाच्या धुळीबाबत ब्रिटनच्या कारखाना निरीक्षक ल्यूसी डीन यांनी १८९८ मध्येच इशारा दिला होता. पण ३६३ कामगारांच्या तपासणीत ९५ जणांच्या फुप्फुसांत व्रण असल्याचं १९३० च्या सरकारी अहवालातून समोर आल्यावरच, १९३१ मध्ये धूळ नियंत्रणाचे नियम आले. त्यांत मोलाचं होतं ते धूळ निघते तिथेच पंख्याने खेचून घेण्याचं बंधन. साच्यात ओतून घडवलेले धातूचे भाग वाळूच्या माऱ्याने साफ करण्यावर ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी बंदी घातली. वाळूऐवजी पोलादाचे दाणे वापरले की सिलिकाचा स्रोतच बराचसा जातो.

आजच्या नियमांतला क्रमही हाच: आधी घातक पदार्थ बदला, मग पाणी मारा, धूळ उगमाशी ओढून घ्या, आणि मास्क शेवटी. प्रत्यक्षात मास्क सगळ्यात स्वस्त, म्हणून आधी तोच वाटला जातो. त्यात दाढी असली किंवा पट्टा सैल बसला की बारीक धूळ कडेने आत शिरतेच.

कामाच्या जागी हवेत किती धूळ चालेल, याची मर्यादाही खाली येत गेली. अमेरिकेने २०१६ मध्ये ती घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम सिलिका अशी ठरवली, आठ तासांच्या सरासरीने. तोवर स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी कृत्रिम दगड बाजारात स्थिरावला होता. त्यात ९० टक्क्यांहून जास्त सिलिका असू शकते. तो ग्राइंडरने कोरडा कापणारी तरुण पोरं काही वर्षांतच धापा टाकू लागली. ऑस्ट्रेलियाने नियम कडक करून पाहिले, ते पुरेसे पाळले गेले नाहीत. अखेर १ जुलै २०२४ पासून या दगडाचं उत्पादन, पुरवठा आणि बसवणं यांवर बंदी आली. आधीच बसवलेले ओटे काढायला आणि दुरुस्त करायला मात्र मुभा आहे, तीही धूळ नियंत्रणात ठेवण्याच्या अटीवर.