वेणीखालचा इसब

लातूरला नीटच्या तयारीसाठी राहिलेली माझी भाची दिवाळीत घरी आली, तेव्हा तिच्या मानेवर वेणीखाली तळहाताएवढा काळपट, चामड्यासारखा जाड पट्टा झाला होता. गावाकडं कुणी उष्णता म्हणालं, कुणी पाणी बदललं म्हणालं. मेडिकलवरून आणलेली दोन-तीन मलमंही लावून झाली. त्वचेच्या डॉक्टरांनी इसब म्हणून सांगितलं आणि लगेच विचारलं, ‘‘झोप किती तास होते?’’

प्रश्न अगदी बरोबर होता. आईच्या पोटात कातडी आणि मज्जासंस्था एकाच थरातून घडतात. ताण आला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून ‘सबस्टन्स पी’सारखी रसायनं सुटतात. शेजारच्या मास्ट पेशी, म्हणजे कातडीतल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, मग खाज आणि सूज आणणारं हिस्टामिन सोडतात. घरात कडाक्याचं भांडण झालं की एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात, त्या अशा. ताण लांबला की कातडीवरचा स्निग्ध थर नीट भरून येत नाही, ओलावा उडतो, जखमही रेंगाळते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर सुटीत एकदा आणि परीक्षेच्या तोंडावर एकदा छोटी जखम करून पाहिली होती. 1998 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी 3 दिवस, म्हणजे 40 टक्के जास्त वेळ लागला.

‘‘मामा, खाजवलं की दोन मिनिटं लई बरं वाटतं,’’ भाची म्हणाली. नखांची वेदना खाजेचा संदेश तेवढ्यापुरता दाबते, म्हणून बरं वाटतं. पण कातडी सोलवटते, सूज वाढते, खाज दुपटीनं परत येते आणि रोजच्या घासण्यानं पट्टा जाड होत जातो. गणितं सोडवताना तिचा डावा हात मानेवर कधी जायचा, तिला कळायचंही नाही.

‘मनाचं आहे’ म्हणून हा आजार उडवून लावू नये. कातडीतली सूज खरीच असते. सोरायसिस किंवा कोड नुसत्या काळजीनं होत नाही. त्यामागं आनुवंशिकता आणि बिघडलेली प्रतिकारशक्ती असते, ताण अनेकांत हा आजार भडकवतो. आणि तो ताण कितीदा आपणच देतो! दोन्ही आजार संसर्गजन्य नाहीत, तरी आपल्याकडं पेला वेगळा ठेवतात, सोयरीक मोडतात. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हिंडणारा तरुण पाहिला की माझा जीव तुटतो. सोरायसिसच्या रुग्णांत नैराश्य जास्त आढळतं, त्याचं मला नवल वाटत नाही.

भाचीला डॉक्टरांनी मलम दिलं, नखं बारीक ठेवायला सांगितली, रात्रीचा अभ्यास अकराला थांबवला आणि समुपदेशकाकडंही पाठवलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावरही मराठीत बोलता येतं. संक्रांतीपर्यंत पट्टा मऊ पडला. परवा फोनवर म्हणाली, हात अजून मानेकडं जातो, पण आता ती तिथं ओला रुमाल धरते.