डेटाबेस बरोबर, मग आकडा चुकला कुठे?

एखाद्या पर्जन्यमापकाची दिवसाची नोंद आलीच नाही, तर डेटाबेसमधली ती जागा रिकामी राहते. या रिकाम्या जागेला 'नल' म्हणतात आणि नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य मिलिमीटर म्हणजे पाऊस पडला नाही हे नक्की ठाऊक आहे. नल म्हणजे पडला की नाही हेच ठाऊक नाही. जावा भाषेत लिहिलेला प्रोग्राम हा आकडा 'गेटडबल' या नेहमीच्या पद्धतीने मागतो, तेव्हा त्याच्या हाती सरळ शून्य पडतं. जावाच्या साध्या संख्येत 'माहीत नाही' हे साठवायला जागाच नाही, म्हणून हे होतं. जागा खरंच रिकामी होती का, ते 'वॉजनल' असं वेगळं विचारल्यावरच कळतं. तेवढं विचारायचं राहिलं की नोंद न आलेली गावं कोरडी ठरतात आणि सरासरी घसरते. डेटाबेस तपासावा तर तो अगदी बिनचूक! माझ्या मते डेटाबेसशी बोलणाऱ्या जावाच्या भागातला सगळ्यात महागात पडणारा निर्णय हाच आहे.

माहिती बिघडते ती डेटाबेस आणि प्रोग्राम यांच्या मधल्या वाटेवर, आणि या वाटेची सगळी जबाबदारी ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरवर असते. प्रिंटरचा ड्रायव्हर बहुतेकांनी कधी ना कधी टाकलेला असतो. डेटाबेसलाही तसाच लागतो, कारण डेटाबेस हा स्वतंत्र प्रोग्राम असतो आणि बऱ्याचदा तो दुसऱ्याच मशीनवर चालतो. दोघांमधून वाहतात ते फक्त बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. कुठल्या बाइटचा अर्थ काय, हे प्रत्येक डेटाबेसने आपापलं ठरवलेलं आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस सहसा ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या नेटवर्कवरच्या दारावर, ऐकतो, मायएसक्यूएल ३३०६ वर, ओरॅकल १५२१ वर. आणि एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही.

पोस्टग्रेसचं उदाहरण जवळून बघू. जोडणी झाली की ड्रायव्हर पहिला संदेश पाठवतो. त्यात आधी संदेशाची लांबी, मग १९६६०८ हा आकडा, मग वापरकर्त्याचं आणि डेटाबेसचं नाव. १९६६०८ म्हणजे ६५५३६ गुणिले ३, अर्थात 'मी तिसऱ्या आवृत्तीचे नियम पाळतो'. हे नियम २००३ साली आलेल्या ७.४ या आवृत्तीपासून चालत आले आहेत. पासवर्डची देवाणघेवाण पार पडली की सर्व्हर 'झेड' अक्षराने सुरू होणारा संदेश पाठवतो: मी तयार आहे, विचारा.

यापुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. समजा डिसोझा आडनावाच्या ग्राहकाची माहिती हवी आहे. वसईत, गोव्यात हे आडनाव घरोघरी आढळतं आणि इंग्रजीत ते लिहिताना अनेक जण 'डी'नंतर अपॉस्ट्रॉफी देतात. डेटाबेसला आज्ञा देण्याच्या एसक्यूएल या भाषेत नेमकी तीच खूण 'मजकूर इथे संपला' असं सांगते. प्रोग्रामरने आडनाव थेट आज्ञेच्या वाक्यात चिकटवलं, तर डेटाबेसच्या लेखी नाव 'डी'पाशीच संपतं आणि उरलेली अक्षरं आज्ञेचा भाग होतात. डिसोझांना फॉर्म भरताना एरर दिसते. पण कोणी मुद्दाम त्या जागी स्वतःची आज्ञा लिहिली, तर तीही चालून जाऊ शकते. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात तो हल्ला हाच.

पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर हे काम दोन संदेशांत करतो. 'पी'ने सुरू होणाऱ्या संदेशात आज्ञेचा फक्त सांगाडा जातो, आडनावाच्या जागी नुसता क्रमांक. 'बी'च्या संदेशात आडनाव येतं: आधी लांबी ७, मग सात बाइट. वाक्याची रचना डेटाबेसने आधीच समजून घेतलेली असते, त्यामुळे त्या सात बाइटांत अपॉस्ट्रॉफी असो की आणखी काही, ते निव्वळ आडनावच राहतं. अर्थात प्रोग्रामरने ही सोय वापरली तरच. काही ड्रायव्हर असे दोन संदेश न पाठवता धोकादायक खुणा स्वतः निष्प्रभ करून एकच वाक्य पाठवतात. तेही चालतं, पण मला पहिली रीत जास्त भरवशाची वाटते.

मराठी मजकुराचं नशीबही याच वाटेवर ठरतं. अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत 'म' म्हणजे २२४, १६४, १७४ असे तीन बाइट. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. पलीकडचा हे बाइट लॅटिन लिपीचे समजून वाचतो, तेव्हा चित्रविचित्र अक्षरांची माळ दिसते. ती बरी, कारण मूळ बाइट शाबूत असले तर शब्द परत मिळवता येतो. जोडणीची लिपी लॅटिन ठेवून मराठी साठवायला गेलं, तर घात होतो. त्या लिपीत 'म' नाहीच, म्हणून प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. एकदा '?????' साठलं की मूळ नाव कायमचं गेलं. जोडणी करताना ड्रायव्हरला लिपी नीट सांगितली असती, तर हे टळलं असतं.

पूर्वी प्रत्येक डेटाबेस कंपनीची स्वतःची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, असे आणि डेटाबेस बदलला की प्रोग्रामचा मोठा भाग नव्याने लिहावा लागे. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणलं, १९९७ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावासाठी जेडीबीसी. कल्पना एकच: प्रोग्रामने ठरावीक नावांची फंक्शन बोलवायची आणि त्यांचं त्या त्या डेटाबेसच्या बोलीत रूपांतर ड्रायव्हरने करायचं. पाच प्रोग्राम आणि चार डेटाबेस असतील तर वीस जोडण्यांऐवजी चार ड्रायव्हरांत भागतं. एक्सेलमधून डेटाबेसची माहिती ओढणारे आजही बऱ्याचदा ओडीबीसीच वापरतात. तिथे एक खाचखळगा आहे: ३२ बिटच्या एक्सेलला ३२ बिटचाच ड्रायव्हर लागतो, आणि ६४ बिटच्या विंडोजवर 'सिस्टिम३२' फोल्डरमध्ये असतो तो ६४ बिटचा ओडीबीसी व्यवस्थापक!

वेगाचं गणितही इथेच सुटतं. ओरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर काही वेगळं सांगितलं नाही तर एका फेरीत दहाच ओळी आणतो. एक लाख ओळींना दहा हजार फेऱ्या. नेटवर्कवर फेरीला एक मिलिसेकंद धरला तरी दहा सेकंद नुसत्या ये-जा करण्यात जातात. हाच आकडा पाचशे केला की दोनशे फेऱ्या. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर उलट वागतो. तो सांगितल्याशिवाय सगळ्या ओळी एकदम मेमरीत ओढतो, त्यामुळे मोठ्या तक्त्यावर प्रोग्रामच मेमरी संपून कोसळू शकतो. 'डेटाबेस स्लो आहे' म्हणत नवा सर्व्हर मागवण्याआधी ही एक सेटिंग बघावी, असं मी कळकळीने सुचवेन.

ड्रायव्हर जुना ठेवण्याचेही परिणाम होतात. २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८.० ने पासवर्ड पडताळण्याची नेहमीची पद्धत बदलली, आणि पोस्टग्रेसने २०२१ मध्ये, चौदाव्या आवृत्तीत, स्क्रॅम ही पद्धत नेहमीची केली. पासवर्ड बरोबर, नेटवर्क चालू, पोर्ट उघडं, तरीही जुने ड्रायव्हर दारातूनच परत फिरू लागले, कारण सर्व्हर काय विचारतोय तेच त्यांना कळेना. अशा वेळी काही जण सर्व्हरवरच जुनी, कमकुवत पद्धत पुन्हा चालू करून मोकळे होतात. जावाच्या प्रोग्राममध्ये ड्रायव्हर म्हणजे बहुधा एकच फाइल असते. सर्व्हरला हात न लावता ती बदलून, एकदा चाचणी घेऊन प्रोग्राम पुन्हा सुरू करावा.