दुर्बिणीतून तारा मोठा का दिसत नाही? : मुलांसाठी दुर्बीण घेणाऱ्या पालकांकरिता माहितीपत्रक

आमच्याकडून मुलांसाठी 70 मिलिमीटर व्यासाची दुर्बीण घेतलेल्या पालकांची पहिल्या रात्रीनंतरची तक्रार बहुधा एकच असते. चंद्रावरची विवरे छान दिसली, गुरूचे चंद्रही दिसले, पण तारे मात्र ठिपक्यांसारखेच राहिले, तेव्हा दुर्बिणीत काही दोष आहे का, असे ते विचारतात. दोष नसतो, ताऱ्यांची अंतरेच तशी आहेत.

रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा व्याध. व्यासाने तो सूर्याच्या सुमारे पावणेदोन पट असला तरी आपल्यापासून 8.6 प्रकाशवर्षे, म्हणजे सूर्याच्या मानाने साधारण साडेपाच लाख पट दूर आहे, आणि एवढ्या अंतरापुढे 70 पट विवर्धनाची, म्हणजे 70 पट मोठे करून दाखवण्याची, मातब्बरी ती काय! प्रकाश सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावतो. सूर्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत सुमारे 8 मिनिटे 20 सेकंदांत पोहोचतो, व्याधाच्या प्रकाशाला मात्र साडेआठ वर्षांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात आज शिरणारा व्याधाचा प्रकाश त्याच्या जन्माआधीच निघालेला असतो. मुलांना हे अवश्य सांगावे.

मग दुर्बीण करते काय? ती प्रकाश गोळा करते. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण 7 मिलिमीटरपर्यंत उघडते. दुर्बिणीचे पुढचे भिंग व्यासाने तिच्या दहापट, म्हणून क्षेत्रफळाने शंभरपट असते, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे अंधुक तारे त्यामुळेच दिसू लागतात. कृत्तिकेच्या पुंजक्यात एरवी सहा-सात तारे मोजता येतात. 25 मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे आयपीस, लावून पाहिल्यास त्याच जागी डझनावारी तारे दिसतात. दुर्बिणीची नाभीय लांबी, म्हणजे पुढच्या भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचे अंतर, 700 मिलिमीटर आहे; तिला नेत्रिकेवरील आकड्याने भागले की या नेत्रिकेने 28 पट आणि 10 मिलिमीटरच्या नेत्रिकेने 70 पट विवर्धन मिळते. या आकाराच्या दुर्बिणीला 140 पटींपलीकडे ताणले तर चित्र मोठे होते, पण धूसर होते. खोक्यावर 500 पट असे ठळक छापलेले असले तरी त्या आकड्याला भुलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तारा ठिपक्याएवढाच दिसत असला तरी त्याच्या प्रकाशातून बरेच काही कळते. सर्वांत सोपी खूण रंगाची. जानेवारीत रात्री नऊ-दहाच्या सुमारास मृग नक्षत्र डोक्यापासून थोडे दक्षिणेला असते. त्याच्या पोटातील तीन ताऱ्यांच्या बाणाच्या एका बाजूला तांबूस काक्षी आणि दुसऱ्या बाजूला निळसर पांढरा राजन्य हे दोन तारे मुलांना आळीपाळीने दाखवावेत. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल होते आणि अधिक तापल्यावर पांढरे दिसू लागते, तसेच ताऱ्यांचेही आहे : काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 3,300 अंश सेल्सिअस, सूर्याचे 5,500, तर राजन्याचे 12,000 अंशांच्या आसपास आहे. तांबडा तारा थंड आणि निळा तारा अधिक तापलेला, हे मुलांना सुरुवातीला उलटे वाटते.

शास्त्रज्ञ याच्या पुढे जाऊन ताऱ्याचा प्रकाश रंगांच्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, पसरवतात. घरी एखादी जुनी सीडी असल्यास तिच्यावर मेणबत्तीचा आणि नंतर जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचा प्रकाश तिरका पाडून पाहावा; मेणबत्तीचे रंग सलग दिसतात, ट्यूबलाइटचे मात्र सुटे पट्टे दिसतात, कारण नळीतील पारा आणि तिच्या आतल्या बाजूचा लेप ठरावीक रंगांचाच प्रकाश देतात. (हा प्रयोग उन्हात करू नये.) प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णपटातील रेषा वेगळ्या असतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट तपासला. त्या वर्षी सूर्यप्रकाशात आढळलेली एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. ती हेलियमची होती, आणि पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो 1895 मध्ये. कोणत्या तापमानाला कोणत्या रेषा ठळक होतात, याचे गणित भारतीय शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी 1920 मध्ये मांडले.

तारे आणि दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, यांच्याकडून रेडिओ लहरीही येतात. त्या टिपणाऱ्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात उभ्या आहेत आणि त्या दिवसाही काम करतात.

आता वापराविषयी. दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये, तिच्यातून सूर्य क्षणभर पाहिल्यानेही डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, आणि लहान मुलांना दिवसा ती एकट्याने हाताळू देऊ नये. नेत्रिकेला बसवण्याचे छोटे काळे सौर गाळणे, म्हणजे सोलर फिल्टर, उष्णतेने तडकू शकते, म्हणून आम्ही ते विकत नाही. निरीक्षणाआधी वीस-पंचवीस मिनिटे अंधारात बसावे आणि मोबाइल खिशातच ठेवावा. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, तेव्हा नेत्रिका सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात. बुरशी दिसल्यास रुमालाने न पुसता नेत्रिका आमच्या दुकानात आणून द्यावी.